लाल रेघेखालची नोंद

माझा लेखी खुलासा अकरा ओळींचा आहे. तो मी दिला, पोच घेतली. त्या अकरा ओळींत जे बसलं नाही ते इथे लिहिते आहे, आणि हे मी कुठल्याही यंत्रात घालणार नाही. ज्याला वाचायचं त्यानं आपल्या डोळ्यांनी वाचावं.

मी उर्मिला मधुकर टकले. निमसरी तहसील कार्यालयात अव्वल कारकून, नोकरी तेवीस वर्षं, सध्या निलंबित. कार्यालयाच्या फाटकाबाहेर एक गुलमोहर आहे, त्याच्याखाली एक लाकडी टेबल आणि दोन स्टुलं. तिथे माझे वडील चव्वेचाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत बसले. पाटी नाही, काही नाही. टकल्यांचे आण्णा म्हटलं की तालुक्यातलं कुणीही गुलमोहराकडे बोट दाखवतं. आता त्यांचं वय ऐंशी.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलला नुसतं बोललं की तो चुटकीसरशी अर्ज लिहून देतो, मग या म्हाताऱ्याकडे कोण येतं? येतात. मोबाईल कुणाला नाही म्हणत नाही; आण्णा नाही म्हणतात. माणूस आला की आधी त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, सगळं बोलू द्यायचं. मग विचारायचं, "यातलं तुझ्या डोळ्यांनी किती पाहिलंस आणि ऐकीव किती?" ऐकीव ते गळायचं. अर्ज झाला की सावकाश मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि विचारायचं, "हे तुझं आहे का?" समोरचा हो म्हणाला तरच शाईचं पॅड पुढे सरकवायचं. सही येणाऱ्याकडूनही आण्णा शेजारी अंगठा घ्यायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "सही घाईत होते. अंगठा द्यायला माणूस थांबतो."

मला लिहायला त्यांनीच शिकवलं. शाळा सुटली की मी त्या दुसऱ्या स्टुलावर बसायची आणि ते सांगतील तसं फुलस्केपवर उतरवायची. कोण, कुठला, काय झालं, कधी झालं, काय हवं. या क्रमात सांग, म्हणजे साहेबाला कंटाळा यायच्या आत अडचण कळते, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एक वाक्य ठरलेलं: "सबब वेळीच लक्ष घातल्यास पुढील वाईट टळेल." हे कुठल्या पुस्तकातलं नाही, त्यांनी स्वतः बसवलेलं आहे. अलीकडे कुठूनही आलेल्या अर्जाच्या शेवटी ते वाक्य दिसायला लागलं होतं. मला आपलं वाटायचं, बघा, अख्खा महाराष्ट्र माझ्या बापाची नक्कल करतोय. मूर्ख मी.

दोन वर्षांपूर्वी एका वाळूघाटाच्या लिलावावर आमच्याकडे दोन दिवसांत अकरा हजार हरकती आल्या. त्या गावाची वस्ती नऊशे. बाकीचे दहा हजार लोक जन्मालाच आले नव्हते, कुणीतरी यंत्राला सांगून ते उभे केले होते. प्रत्येकाचं नाव वेगळं, रडगाणं वेगळं, आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाला उत्तर देणं आम्हाला भाग. आमच्या नाकी नऊ आले. खरे अर्ज त्या ढिगात कुठे गडप झाले, आजतागायत माहीत नाही.

मग वरून आदेश आला. यापुढे प्रत्येक अर्ज आधी 'मानवी लेखन तपासणी'तून जाईल. तीन प्रणाली मंजूर आहेत, त्यातली एक प्रत्येक तालुक्यानं समिती नेमून निवडावी. आमच्या समितीत पाच जण. अध्यक्ष तहसीलदार अंबादास थिटे साहेब, आणि टेबलाचं काम मला ठाऊक म्हणून मी. जिल्ह्याच्या संगणक कक्षातून ओजस केळशीकर नावाचा इंजिनिअर आला होता, तिशीही न ओलांडलेला, बोलायला मऊ.

तो म्हणाला, "मी एक वाक्य अर्धं सोडतो, तुम्ही पुरं करा. सूर्य पूर्वेला..."

"उगवतो," आम्ही शाळेतल्यासारखं एका सुरात म्हणालो.

"बरोबर. लिहिणारं यंत्र हेच करतं. पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, ते बघतं आणि तो ठेवतं. माणूस मध्येच भरकटतो, नको तिथे नको तो शब्द घालतो. तपासणारं यंत्र प्रत्येक शब्दापाशी थांबून विचारतं, हा शब्द मला आधीच ओळखता आला असता का? सारखं हो येत गेलं की ते म्हणतं, हे यंत्राचं लेखन. शंभरात किती खात्री, तो आकडा दाखवतं. पण मॅडम, हा अंदाज असतो. रक्ताच्या तपासणीसारखं यात काही सापडत नाही."

हे शेवटचं वाक्य तो दोनदा म्हणाला. आम्ही दोन्ही वेळा मान डोलावली.

पहिल्या प्रणालीचं नाव कसोटी. ती दर तीन लेखनांपैकी एकावर 'सांगता येत नाही' असा शेरा द्यायची. दुसरी पारख, ती प्रत्येक वेळी ठाम आकडा द्यायची. तिसरीला मराठी धड कळत नव्हतं, ती तिथेच बाद झाली. मग चाचणी म्हणून आम्ही प्रत्येकानं दोन-दोन पानं लिहिली. थिटे साहेबांनी कॉलेजातल्या क्रिकेटवर लिहिलं, नायब तहसीलदारांनी लडाखच्या सहलीवर, मी आईच्या हातच्या शेंगोळ्यांवर. सगळे रंगात आले होते. आमची दहा आणि यंत्राकडून लिहवून घेतलेली दहा, अशी वीस पानं दोन्हींत घातली. पारखनं वीसच्या वीस बरोबर ओळखली. कसोटी सहा ठिकाणी 'सांगता येत नाही' म्हणाली.

ओजस म्हणाला, "रेकॉर्डमधले जुने अर्ज आहेत ना तुमच्याकडे? त्यातले पन्नास-साठ घालून बघू या का?"

थिटे साहेबांनी घड्याळ बघितलं. जेवायची वेळ झाली होती. आणि मी, मी उर्मिला टकले, म्हणाले, "अहो, 'सांगता येत नाही' हा शेरा मी कुठल्या फायलीत लावू? मला हो किंवा नाही सांगणारं यंत्र द्या." सगळे हसले. इतिवृत्तात माझं हे वाक्य माझ्या नावासकट आहे, कुणीही बघावं.

त्या दिवशी पाच जणांपैकी एकानंही अर्ज लिहून बघितला नाही. आम्ही अर्ज घेतो, लिहीत नाही. आमच्या ध्यानातच आलं नाही.

पारख बसली. ऐंशीच्या वर आकडा गेला की तिथेच अडवणूक. आवक क्रमांक पडणार नाही, अर्ज दप्तरी दाखल. दप्तरी दाखल म्हणजे फायलीत ठेवून विसरून जाणं, दुसरं काही नाही. पहिला महिना आम्ही सुटलो की हो! दिवसाला चारशेचे चाळीस झाले. जीव भांड्यात पडला. साहेबांनी सगळ्यांना भजी मागवली.

दुसऱ्या महिन्यात एका मंगळवारी सोनुबाई वाघमोडे माझ्या खिडकीशी आली. ढोलेवस्तीच्या शाळेत ती पोरांची खिचडी रांधते. पन्नाशीची, काटक, आवाज असा की चार टेबलं माना वर करतात.

"ताई, आवो माझा अर्ज म्हनं मशीननं लिवलाय! मी काय मशीन हाय व्हय?"

मी पडद्यावर काढलं. अर्जदार सोनुबाई बिरा वाघमोडे. विषय, ढोलेवस्ती येथील दगडखाणीच्या मुदतवाढीस हरकत. पारखचा आकडा अठ्ठ्याण्णव. शेरा, यंत्रलिखित, दप्तरी दाखल.

खाली अर्जाची प्रत होती. अर्ज कुणी लिहिला ते कळायला अक्षर बघायचीसुद्धा गरज नव्हती. शाळेची पश्चिमेकडची भिंत. खाणीतल्या सुरुंगांनी तिला चीर गेलेली. दिवाळीत चीर नखाएवढी होती, आता अर्जदाराच्या करंगळीएवढी. दुपारी सावली म्हणून एकतीस मुलं त्याच भिंतीच्या कडेनं ओट्यावर जेवायला बसतात. भिंतीची तपासणी होईपर्यंत सुरुंग बंद ठेवावेत आणि मुलांना दुसरीकडे बसवावं. सबब वेळीच लक्ष घातल्यास पुढील वाईट टळेल.

हरकती घ्यायचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. शुक्रवारपर्यंत एकही हरकत आवकला लागली नाही, तर जागेची पाहणी न करताच मुदतवाढ मिळणार होती.

"कुणी लिहिला गं?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"आसं काय करता? आण्णांनी लिवला की. म्होरं बसून. करंगळी बी त्येंनीच बघितली माझी."

मी तिला म्हणाले, बघते. आणि माझ्या मनात जे आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. आण्णांचा हात गेल्या वर्षापासून कापतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मला वाटलं, म्हातारा दमला असणार. घरी मोबाईलला सांगून लिहवून घेत असणार आणि मग कागदावर उतरवून काढत असणार. अठ्ठ्याण्णव काय उगीच येतात?

संध्याकाळी आण्णा जेवायला बसले होते. मी भाकरी वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारलं, "आण्णा, हल्ली अर्जाला मोबाईलची मदत घेता का हो थोडी?"

त्यांचा हात ताटातच थांबला.

"तू विचारतेस हे?" ते म्हणाले. "तू?"

ते पुढे जेवले, पण ताटाकडे बघून. सकाळी ते अंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचा मोबाईल उघडून पाहिला. भजनं होती, हवामान होतं आणि माझ्या आईचा लग्नातला फोटो होता. बाकी काही नाही. मोबाईल होता तिथे ठेवताना मी वळले तर आण्णा पंचा गुंडाळून दारात उभे. अंगात सदरा घातला, पिशवी घेतली आणि गुलमोहराकडे चालू लागले.

मी ऑफिसात जाऊन आधी ओजसला फोन लावला. आवाज चढलाच माझा. म्हणाले, तुमची पारख खोटं बोलते, माझे वडील गेली चव्वेचाळीस वर्षं हातानं लिहितात. त्यानं अर्ज मागवून घेतला. तासाभरानं त्याचाच फोन आला.

"मॅडम, हे शेवटचं वाक्य. पुढील वाईट टळेल. हे तुमच्या वडिलांचं?"

"हो."

"नक्की? कारण राज्यभर यंत्रांनी लिहिलेल्या अर्जांत हे वाक्य लाखो वेळा आलंय. मला सांगा, तुमच्या कार्यालयातून कधी जुने अर्ज स्कॅनिंगला गेले होते का?"

गेले होते. अकरा वर्षांपूर्वी पत्र आलं होतं, मराठी शासकीय लेखनाचा नमुना-संच तयार करायचा आहे, सुवाच्य अर्ज निवडून पाठवा. रेकॉर्ड रूममध्ये सुवाच्य म्हणजे कोणाचे? बाकी सगळ्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी पंधरा दिवस धुळीत बसून आण्णांचे अर्ज वेचून काढले होते, चार हजार तीनशे. बांधून, लेबल लावून पाठवले होते. केवढा अभिमान वाटला होता तेव्हा! आण्णांना मात्र सांगितलंही नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाटलं.

ओजस सावकाश बोलत होता. "त्या वेळी मराठी अर्जांचं स्वच्छ असं दुसरं काही मिळतच नव्हतं. बाकीच्या तालुक्यांनी कोरे नमुने नाहीतर न लागणाऱ्या झेरॉक्स पाठवल्या. लिहिणारं यंत्र अर्ज लिहायला तुमच्या वडिलांकडून शिकलं. मग पारखला शिकवलं की या यंत्रासारखं जे दिसेल ते पकड. ती तेच करतेय. यंत्र तुमच्या वडिलांसारखं लिहितं मॅडम, आणि पारखला उलटं दिसतं."

"मग आता?"

"मी वर लिहितो. दुरुस्तीला सहा महिने तरी लागतील."

"माझ्याकडे दोन दिवस आहेत," मी म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत मी गुलमोहराखाली गेले. आण्णा एकटेच बसले होते. मी लहानपणीच्या त्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. स्कॅनिंग, चार हजार तीनशे, लाखो अर्ज, सगळं. ते चष्मा पुसत ऐकत होते. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "अक्षर कसंय त्याचं?"

"त्याला अक्षर नसतं, आण्णा. छापील येतं."

"मग काय शिकलं डोंबल!" ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा हलला होता. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "माणसाला नाही म्हणतं का ते? हे तुझं नाही, तुझ्या नावावर घालणार नाही, असं?"

"नाही म्हणत."

"हं."

मग मी त्यांना ते सांगितलं, जे सांगायला मी खरं तर आले होते. "आण्णा, सोनुबाईचा अर्ज परत लिहा. पण जरा वेडावाकडा. क्रम सोडा. मध्येच भलतंच काहीतरी आणा. पारखला माणूस वाटला पाहिजे."

मला वाटलं चिडतील. पण ते म्हणाले, "पोरांचा प्रश्न आहे," आणि कागद ओढला. माझ्या बापाला मुद्दाम वाईट लिहिताना मी त्या दिवशी पाहिलं. क्रम सोडायचा तर हात अडतो. वाक्य लांबवायचं तर पेन थांबतं. तीन कागद फाडले. कपाळावर घाम आला होता. चौथा मी मोबाईलवरून पारखमध्ये घालून बघितला, चौऱ्याहत्तर. ऐंशीच्या आत! मी जवळजवळ ओरडलेच.

सोनुबाईला बोलावलं. आण्णांनी नेहमीसारखा मोठ्यानं वाचायला घेतला. सोनुबाईच्या लग्नात आलेला पाऊस होता त्यात, शाळेच्या घंटेचा आवाज होता, खाणीच्या मालकाची गाडी होती. भिंत कुठली ते शेवटून दुसऱ्या ओळीत होतं. करंगळी गळलीच होती.

"हे तुझं आहे का?" आण्णांनी विचारलं.

सोनुबाई माझ्याकडे बघू लागली, मग त्यांच्याकडे. "न्हाय आण्णा. रागावू नगा. ह्ये माझं न्हाय. भित गेली कुटं ह्यातली?"

आण्णांनी कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकली. "नाही, रागावत नाही. बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. शाईचं पॅड त्यांनी उघडलंच नव्हतं.

शुक्रवार उजाडला. माझ्याकडे एक वाट उरली होती. ज्याला लिहिता येत नाही त्याचा तोंडी जबाब कर्मचाऱ्यानं समोर बसवून लिहून घ्यावा, असा जुना नियम आहे. तो कुणी रद्द केलेला नाही. मी सोनुबाईला माझ्या टेबलाशी बसवलं, पाणी दिलं. ती बोलली तसं मी लिहिलं. सगळं कार्यालय बघत होतं. दीड पान झालं. स्कॅन केलं.

शहाण्णव.

मला आधी कळेना. मग कळलं आणि मला हसूच फुटलं, असं की डोळ्यांतून पाणी आलं. कोण, कुठला, काय झालं, कधी झालं, काय हवं. दुसऱ्या स्टुलावर बसून शिकले होते ना मी! मला दुसरं लिहिताच येत नाही. शेंगोळ्यांवर लिहिताना पारखनं मला माणूस म्हटलं होतं, आणि कामाचं लिहिलं की म्हणे मी यंत्र.

मी थिटे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, बाई समोर बसलीय. माझ्यासमोर बोललीय. मी लिहिलंय. अजून कसली तपासणी हवी?"

"उर्मिलाबाई, मला कळतंय. पण पारख पुढे जाऊ देत नाही. आवक क्रमांकच पडत नाही, तर मी काय करू?"

"खाणीच्या बाजूनं दोनशे बारा पत्रं आलीत. सगळी पास. पारखचा आकडा कुणाला तीन, कुणाला पाच. तुम्ही वाचलीत का? सगळ्यांमध्ये माणूस अडखळतो, मध्येच आजीची आठवण काढतो आणि मग खाण हवी म्हणतो. ओजस म्हणतो, आता मुद्दाम अडखळणारं यंत्र निघालंय. त्यांना ते परवडलं. सोनुबाईला मी आणि आण्णा परवडतो."

"हे सिद्ध होतं का?"

"नाही."

त्यांनी जबाब माझ्याकडे परत सरकवला. वाईट माणूस नाही, मी अजूनही म्हणेन. घाबरट आहे. आपण सगळेच असतो.

साडेचार वाजले होते. मी रेकॉर्ड रूम उघडली. खालच्या फळीवर हस्तलिखित आवक रजिस्टर होतं, लाल कापडी बांधणीचं, सहा वर्षांपूर्वी बंद केलेलं. बंद करताना मीच शेवटच्या नोंदीखाली पट्टी धरून लाल रेघ मारली होती आणि लिहिलं होतं, 'यापुढे नोंद नाही.' खाली माझी सही. मी पान उघडलं आणि त्या रेघेखाली पुढचा क्रमांक घातला. सोनुबाई बिरा वाघमोडे, ढोलेवस्ती, हरकत. तारीख, वेळ चार पन्नास, माझी सही, गोल शिक्का.

क्रमांक पडला की सुनावणीआधी स्थळपाहणी करावीच लागते. मी पाहणीचा आदेश टाईप केला, फाईल साहेबांपुढे ठेवली.

त्यांनी बघितलं. "हा क्रमांक कुठून आला?"

"आवक रजिस्टरमधून, साहेब."

कुठल्या, ते त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि सही केली. पुढे चौकशीत त्यांनी लिहून दिलं की आपल्या लक्षात आलं नाही. असू दे. सही केली ना.

सोमवारी मंडळ अधिकारी ढोलेवस्तीला गेले. चिरेत त्यांनी पेन्सिल घातली, ती आरपार गेली. मंगळवारपासून शाळा समाजमंदिरात भरायला लागली. खाणवाल्यांच्या वकिलानं बुधवारी सुनावणीत रजिस्टरची प्रत मागितली, तारीख बघितली, लाल रेघ बघितली आणि लगेच तक्रार केली की ही हरकत पारखमधून गेलेली नाही, तेव्हा ती धरू नये. तो काही खोटं बोलत नव्हता. निकाल राखून ठेवला, सुरुंग चालूच राहिले.

गुरुवारी दुपारी साडेबाराच्या सुमाराला माझा फोन वाजला. सोनुबाई होती. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक ऐकला.

"ताई, भित बसली. समदी वट्यावर आली. वट्याची फरशी बी फुटली."

"आणि पोरं?" मी विचारलं.

"पोरं हितं हायती ताई. समाजमंदिरात. ताटं वाढली व्हती. मी मोजली. दोनदा मोजली. एकतीस हायती." आणि ती रडायला लागली. मीही टेबलावर डोकं ठेवून रडले, साऱ्या ऑफिसादेखत.

शुक्रवारी मला निलंबनाचा आदेश मिळाला. मानवी लेखन तपासणी जाणूनबुजून टाळली, बंद रजिस्टरमध्ये अनधिकृत नोंद केली. सात दिवसांत लेखी खुलासा द्या, आणि तो पारखमधून तपासला जाईल. भिंतीबद्दल त्यात एक ओळ नाही. भिंत पडली म्हणून नोंद बरोबर ठरत नाही, असं चौकशी अधिकारी मला तोंडी म्हणाले. खाणीची मुदतवाढ मात्र थांबली आहे, सध्यापुरती.

खुलासा मी काल सकाळी लिहिला. ओजसचा फोन आला होता. म्हणाला, मॅडम, शेंगोळ्यांवर लिहिलं होतं तसं काहीतरी लिहा, भरकटा थोडं, नाहीतर हाही दप्तरी दाखल होईल आणि नोकरी जाईल. पोराचं मन चांगलं आहे. मी त्याला बरं म्हणाले आणि अकरा ओळी लिहिल्या. कोण, कुठली, काय झालं, कधी झालं, काय हवं. मोबाईलवर तपासून बघितला. सत्त्याण्णव.

तो कागद घेऊन मी गुलमोहराखाली गेले. आण्णांच्या पुढे कालही कुणी नव्हतं. लोकांना कळलंय की आण्णांचा अर्ज अडकतो. तरी ते रोज जातात, टेबल पुसतात, बसतात.

"वाचून दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी भिंगाखाली कागद धरला आणि सावकाश मोठ्यानं वाचला. शेवटी आले, "सबब वेळीच लक्ष घातल्यामुळे पुढील वाईट टळले." तिथे थांबले.

"टळले लिहिलंस."

"टळलं म्हणून लिहिलं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मी म्हणाले, "आण्णा, तुमचा मोबाईल मी बघायला नको होता."

"विचारलंस ते ठीक होतं," ते म्हणाले. "सरकारी काम आहे, विचारावं लागतं. पण मी सांगून तुझा विश्वास बसला नाही, ते लागलं मला. फार लागलं, उर्मी."

"चुकलं माझं."

"हं." त्यांनी भिंग पुसून पिशवीत ठेवलं. मग खुलासा माझ्यापुढे ठेवला आणि चष्म्यावरून बघत मला विचारलं, जसं चव्वेचाळीस वर्षं ते सगळ्यांना विचारत आले, "हे तुझं आहे का?"

"हो," मी म्हणाले. "माझं आहे."

माझी सही खाली आधीच होती, पदासकट. तरी आण्णांनी पिशवीतून शाईचं पॅड काढलं, झाकण उघडलं आणि माझ्याकडे सरकवलं. मी अंगठा पुढे केला.